मार्लोच्या नदीकाठच्या जुन्या हॉटेलात आई-वडिलांना घेऊन राहायचे असेल तर

आपला प्रश्न थोडक्यात असा : आपण नोकरीनिमित्त रीडिंगला आहात, पुण्याहून आई-वडील उन्हाळ्यात येत आहेत आणि लंडनच्या धावपळीपेक्षा टेम्सकाठच्या एखाद्या शांत गावात, जुन्या नावाजलेल्या हॉटेलात त्यांच्यासह दोन रात्री राहावे असे आपल्या मनात आहे. मार्लोचे ‘कंप्लीट अँग्लर’ आपण जवळजवळ नक्की केले आहे. वडिलांचे गुडघे दुखतात, आई शाकाहारी आहेत व अंडेही खात नाहीत, आणि एवढा खर्च करून तो सार्थकी लागेल का, अशी शंका आहे. इंग्लंडमधील जुन्या हॉटेलांच्या रिसेप्शनवर बरीच वर्षे काम केल्यानंतर आता मी मराठी कुटुंबांच्या सहली आखण्याचे काम करतो, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी जे दिसले त्यावरून उत्तर देतो. खर्च सार्थकी लागतो. मात्र अशा ठिकाणी हॉटेल निवडून काम संपत नाही, खोली निवडावी लागते. एकाच छताखालच्या दोन खोल्यांत जेवढा फरक असतो, तेवढा कित्येकदा दोन हॉटेलांतही नसतो.

आधी जागेची मांडणी समजून घ्यावी. मार्लो गाव टेम्सच्या उत्तर काठावर आहे आणि हे हॉटेल पुलाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण काठावर, नदीवरच्या बंधाऱ्याला अगदी लागून उभे आहे. त्याच्या हिरवळीवर खुर्ची टाकून बसले की एका बाजूला झुलता पूल, समोर ऑल सेंट्स चर्चचा निमुळता मनोरा आणि दुसऱ्या बाजूला बंधाऱ्यावरून फेसाळत उतरणारे पाणी, असा सगळा देखावा मान फारशी न वळवता दिसतो. टेम्सकाठी जुनी हॉटेले पुष्कळ आहेत. हेन्लीच्या पुलाशी लाल विटांचे एक प्रसिद्ध हॉटेल आहे, विंडसरला किल्ल्याच्या पायथ्याशी एक आहे; पण पूल, चर्च आणि बंधारा हे तिन्ही एका नजरेत देणारी जागा माझ्या पाहण्यात हीच. म्हणूनच येथे नदीकडे तोंड असलेली खोली मिळत नसेल, तर येथे राहण्याचे निम्मे कारण संपते, हे माझे स्पष्ट मत आहे.

वडिलांना पुलाविषयी थोडे आधीच सांगून ठेवावे. विल्यम टियर्नी क्लार्क या अभियंत्याने बांधलेला हा पूल १८३२ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच क्लार्कने पुढे बुडापेस्टचा डॅन्यूबवरचा साखळी पूल रचला, जो १८४९ मध्ये खुला झाला. मार्लोचा पूल त्याचा धाकटा दिसणारा पण वयाने थोरला भाऊ आहे. या नात्यामुळेच १९९९ साली हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष अर्पाद ग्योंत्स ब्रिटनच्या शासकीय भेटीवर आले असताना राणी एलिझाबेथ यांनी त्यांच्यासह याच हॉटेलात भोजन घेतले. पुलाची दुसरी गोष्ट आपल्याला अधिक उपयोगाची आहे. त्यावर तीन टनांपेक्षा जड वाहनांना बंदी आहे. २०१६ मध्ये ३७ टनांचा एक मालट्रक चालकाने त्यावर घातला आणि तपासणीसाठी पूल सुमारे दोन महिने बंद राहिला. आपण साध्या मोटारीने येणार असाल तर प्रश्न नाही, परंतु नातेवाइकांसह मोठी व्हॅन किंवा मिनीबस ठरवणार असाल, तर ती गावातून पुलावरून न आणता ए४०४ या हमरस्त्यावरून बिशमच्या बाजूने थेट दक्षिण काठावर आणण्यास चालकाला सांगावे.

हॉटेलच्या नावामागे आयझॅक वॉल्टन यांचे १६५३ सालचे मासेमारीवरील याच नावाचे प्रसिद्ध पुस्तक आहे. ते याच अंगणात लिहिले गेले असे कुणी रंगवून सांगितले, तर हसून ऐकून घ्यावे; त्या पुस्तकातली भ्रमंती मुख्यतः लंडनच्या उत्तरेकडील ली नदीच्या काठाने होते. सुमारे चारशे वर्षांचा वारसा येथे सांगितला जातो, आणि काठावरच्या एका लहान खानावळीपासून वाढत वाढत हे हॉटेल झाले, ही गोष्ट इंग्लंडमधील अशा बहुतेक हॉटेलांना लागू आहे. त्यांची वास्तू एका वेळी, एका नकाशावर बांधलेली नसते. मूळ घर, त्याला एका पिढीने जोडलेली बाजू, पुढे मेजवान्यांसाठी बांधलेले दालन, अलीकडच्या काळातील खोल्यांची रांग, असे ते थर असतात, आणि आपल्याला खोली यांपैकी कोणत्या थरात मिळते यावर आपले सुख-दुःख ठरते.

जुन्या भागातील खोल्या छायाचित्रात फार देखण्या दिसतात : तिरके छत, उघडे लाकडी तुळया, चार खांबी पलंग. प्रत्यक्षात तिथे जमीन एका अंगाला कललेली असू शकते, दोन खोल्यांच्या मध्येच एखादी पायरी येते, दरवाजाची चौकट उंच माणसाच्या कपाळाशी येते आणि वरच्या मजल्यावर कुणी पाऊल टाकले की खालच्या खोलीत फळी कुरकुरते. आपल्याकडील जुन्या वाड्याचा लाकडी जिना ज्यांनी चढला-उतरला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही, पण दुखऱ्या गुडघ्यांना नवल नसले तरी त्रास होतोच. लिफ्ट का बसवली नाही, असा प्रश्न पाहुणे रिसेप्शनवर रोज विचारतात. इंग्लंडमध्ये ऐतिहासिक वास्तूंची शासकीय सूची असते; त्यात पहिली श्रेणी, दुसरी तारांकित श्रेणी आणि दुसरी श्रेणी असे तीन स्तर असून बहुतांश वास्तू शेवटच्या स्तरात आहेत. सूचीतील इमारतीत तिच्या वैशिष्ट्याला बाध येईल असा बदल करण्यापूर्वी स्थानिक कौन्सिलची वेगळी मंजुरी लागते, आणि ही अट फक्त दर्शनी भागापुरती नसून आतल्या जिन्याला, भिंतींना, खिडक्यांनाही लागू होते. म्हणून एखाद्या जुन्या बाजूला लिफ्ट नसते, वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्यांना दुहेरी काच नसते आणि वातानुकूलन तर बहुधा नसतेच. मालकाचा कंजूषपणा हे कारण प्रत्येक वेळी नसते. काही वेळा असतेही.

वातानुकूलनाच्या अभावाला इंग्लंडमध्ये पूर्वी कुणी विचारत नसे. परंतु १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधील कॉनिंग्सबी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि त्या आठवड्यात जुन्या हॉटेलांत टेबलफॅनसाठी अक्षरशः ओढाताण चालली होती. पुण्याचा उन्हाळा सोसलेल्यांना तीस अंशांचे काय, असे वाटेल. पण येथील घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असतात, छताखालची खोली संध्याकाळपर्यंत भट्टीसारखी तापते आणि सुरक्षेसाठी खिडकी चार बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर सर्वांत वरच्या मजल्यावरील खोली नको, असे आधीच सांगावे आणि पंखा खोलीत ठेवायला लावावा.

आता ज्या गोष्टीवरून सर्वाधिक घोटाळा होतो, त्या न्हाणीघराकडे वळतो. पाहुणे खोलीचा आकार विचारतात, पलंगाची रुंदी विचारतात, खिडकीतून काय दिसते ते विचारतात, आणि न्हाणीघर विचारायचे राहून जाते. जुन्या हॉटेलांतील कित्येक खोल्यांत वेगळा शॉवर नसून बाथटबच्या वर शॉवर बसवलेला असतो. टबाची कड गुडघ्याच्या वर येते, आतला तळ गुळगुळीत मुलाम्याचा आणि किंचित उतरता असतो, धरायला दांडी असेलच असे नाही, आणि एका बाजूला अर्धीच काच असते. सत्तरीच्या आसपासच्या माणसाने एक पाय उचलून त्यात ठेवायचा, साबणाच्या पाण्यात उभे राहून अंघोळ करायची आणि पुन्हा तसेच बाहेर यायचे, हा प्रकार मी स्वतःच्या वडिलांना करू देणार नाही. म्हणून ज्यात पायरी न चढता थेट जाता येते असा शॉवर असलेली खोली हवी, हे आरक्षणातच लिहून घ्यावे. अपंग व्यक्तींसाठी वाजवी सोय करण्याचे बंधन २०१० च्या समानता कायद्याने सेवा देणाऱ्यांवर घातले आहे, त्यामुळे बऱ्याच हॉटेलांत तळमजल्यावर अशी सोयीची एखादी खोली असते. मात्र ती नदीकडेच असेल असे नाही. येथे आपल्याला निवड करावी लागेल. माझा सल्ला असा की लिफ्टजवळची, पहिल्या मजल्यावरची, नदीकडची आणि सपाट शॉवरची खोली अलीकडे बांधलेल्या भागात मिळत असेल, तर चार खांबी पलंगाचा मोह सोडावा. ते पलंग उंचही असतात, आणि रात्री अंधारात त्यावरून उतरताना होणारी तारांबळ जाहिरातीत दिसत नाही.

न्हाणीघरातल्या आणखी काही बारीक गोष्टी सांगून ठेवतो, कारण त्या आई-वडिलांना पहिल्याच सकाळी भेटतील. शौचालयात पाण्याचा फवारा नसतो, तेव्हा एक लहान प्लास्टिकचा मग बॅगेत असू द्यावा. जुन्या बेसिनला गरम आणि थंड पाण्याचे नळ वेगवेगळे असू शकतात आणि गरम नळाचे पाणी चटका बसण्याइतके कढत येते. दाढीच्या यंत्राचे प्लग सोडले तर न्हाणीघरात विजेचे प्लग नसतात, त्यामुळे केस वाळवण्याचे यंत्र खोलीतच वापरावे लागते.

नदीच्या आवाजाविषयी आपण काही विचारलेले नाही, पण ते सांगणे माझे काम आहे. मार्लोचा बंधारा हॉटेलला इतका जवळ आहे की त्याचा घोष दिवसरात्र चालू असतो. लंडनच्या पश्चिमेकडील टेडिंग्टनच्या वरची टेम्स भरती-ओहोटीच्या प्रभावाबाहेर आहे, त्यामुळे समुद्रकाठच्या लाटांप्रमाणे हा आवाज चढत-उतरत नाही. एका पट्टीत, न थांबता येतो. बहुतेकांना तो आवडतो, पहिल्या तासाभरात कानाला सवय होते आणि झोपही गाढ लागते. ज्यांची झोप मुळात हलकी आहे, त्यांना मात्र खिडकी बंद करूनही तो जाणवतो. आईंची झोप कशी आहे हे आपल्याला ठाऊक असेल. तशी अडचण असेल तर बंधाऱ्यापासून दूर, पुलाच्या बाजूची खोली मागावी. पुलाच्या बाजूला सकाळी वाहनांची वर्दळ असते, आणि रविवारी चर्चच्या घंटा वाजतात, पण या गोष्टी रात्री झोपू देतात.

‘नदीचे दृश्य’ या शब्दांवर आरक्षणाच्या वेळी नीट बोट ठेवावे लागते. नदीच्या थेट समोर उघडणारी खिडकी, बाजूने मान काढली तर पाणी दिसणारी खिडकी आणि केवळ नदीच्या दिशेच्या बाजूला असलेली खिडकी, या तीन वेगळ्या गोष्टी एकाच दर्जाच्या खोल्यांत गणल्या जाऊ शकतात. आरक्षणाच्या संकेतस्थळावर त्या दर्जाची एकच, सर्वांत सुंदर प्रतिमा लावलेली असते. त्यामुळे दर तिथे पाहावा, परंतु आरक्षण करण्यापूर्वी हॉटेलला थेट फोन करून खोली क्रमांकापर्यंत बोलणे करावे आणि त्यानंतर ईमेलने लेखी खात्री घ्यावी. ईमेल मोठा नको. दोन वयस्क व्यक्ती आहेत, एकाला जिने चढता येत नाहीत, सपाट शॉवर हवा, खिडकीतून बसल्या जागी नदी दिसली पाहिजे, आणि त्या रात्री हॉटेलात लग्नसमारंभ आहे का, एवढेच विचारावे. खोल्यांचे वाटप करणारा माणूस त्या दिवशीच्या आगमनांची यादी सकाळी समोर घेऊन बसतो, तेव्हा ज्यांच्या नावापुढे अशी स्पष्ट टीप असते त्यांना तो आधी जागा देतो आणि उरलेल्या खोल्या बाकीच्यांच्या वाट्याला येतात. मी हेच काम वर्षानुवर्षे केले आहे. टिपेचा प्रभाव आर्जवापेक्षा जास्त असतो.

लग्नाचा प्रश्न उगाच नाही. नदीकाठची अशी हॉटेले शनिवारी लग्नांवर चालतात, हिरवळीवर छायाचित्रे काढणे चालू असते आणि संगीत मध्यरात्रीपर्यंत वाजते. शनिवारचा दर सर्वांत चढा, आणि सेवेकडे लक्ष सर्वांत कमी, असा तो दिवस असतो. रविवारी दुपारनंतर हीच जागा रिकामी होते, दर उतरतात, आणि नदीकडच्या खोल्या मोकळ्या असतात. आपल्याला एक-दोन दिवस रजा घेता येत असेल, तर रविवार आणि सोमवारच्या रात्री घ्याव्यात. महिन्यांचा विचार करताना जूनमधील अॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा आणि जून-जुलैच्या सांध्यावरील हेन्लीच्या नौकाशर्यतींचा आठवडा टाळावा. हेन्लीच्या शर्यती १८३९ पासून चालत आल्या आहेत आणि त्या काळात आसपासच्या वीस मैलांत खोली मिळणे जिकिरीचे होते. मला स्वतःला मे महिन्याचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरचा पूर्वार्ध सर्वांत योग्य वाटतो : दिवस मोठा, गर्दी मध्यम, छताखाली उकाडा नाही. डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो, मग नदीकडच्या खिडकीचे पैसे काळोख पाहण्यासाठी दिल्यासारखे होतात.

हिवाळ्यात पुराचाही विचार असतो. २०१४ च्या फेब्रुवारीत टेम्सने मार्लोसह काठच्या अनेक गावांत पाणी घुसवले, आणि त्यानंतर मार्लोत पूरप्रतिबंधाची कामे झाली. उन्हाळ्यात ही भीती सहसा नसते, परंतु सलग पाऊस झाल्यास प्रवाहाला जोर येतो आणि पर्यावरण संस्था लॉकपाशी, म्हणजे नावा नदीच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या दारांच्या कुंडापाशी, पिवळे किंवा लाल फलक लावते. लाल फलक असेल तर भाड्याने नाव मिळत नाही. नौकाविहार हा आपल्या बेतातील मुख्य भाग असेल, तर निघण्याच्या आदल्या दिवशी संस्थेच्या संकेतस्थळावर त्या पट्ट्याची स्थिती पाहून घ्यावी.

जेवणाच्या बाबतीत आईंची व्यवस्था नीट होऊ शकते, मात्र एक युक्ती लक्षात ठेवावी. इंग्लंडमध्ये शाकाहारी पदार्थात अंडे असते हे सर्वजण गृहीत धरतात, त्यामुळे नुसते शाकाहारी सांगून भागत नाही. त्याऐवजी व्हेगन, म्हणजे दूध-अंड्यासह कोणताही प्राणिज घटक नसलेल्या, पदार्थांपासून सुरुवात करावी आणि त्यात लोणी, दूध, दही आपल्याला चालते असे सांगावे; स्वयंपाकघराला हे समजायला फार सोपे जाते. दुसरे म्हणजे येथील कायद्याने १४ प्रकारच्या अॅलर्जीकारक घटकांची माहिती प्रत्येक खानपानगृहाने द्यावीच लागते आणि त्या १४ मध्ये अंडे आहे. म्हणून तो तक्ता मागितला की कोणत्या सॉसमध्ये, कोणत्या केकमध्ये अंडे आहे हे वाढप्याच्या अंदाजावर न सोडता लेखी दिसते. प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले जिलेटिन आणि चीजसाठी दूध साकळवणारे, वासराच्या जठरातून काढलेले प्राणिज रेनेट मात्र त्या यादीत नाहीत, ते वेगळे विचारावे लागतात. परमेसान चीजमध्ये प्राणिज रेनेट असतेच.

सकाळच्या न्याहारीत आईंना काय मिळेल, ते ताटाप्रमाणे सांगतो. भाजलेला अर्धा टोमॅटो, लोण्यात परतलेली आळंबी, टोमॅटो सॉसमधील घेवड्यासारख्या बिया, टोस्ट, मार्मलेड, फळे, दही, आणि ओट्सची लापशी. लापशी पाण्यात हवी की दुधात, असे विचारतात. दुधात सांगावी आणि वर मध घ्यावा. बटाट्याचे हॅश ब्राउन दिसायला निर्दोष असतात, पण ते ज्या तेलात तळतात त्याच तेलात आणखी काय तळले जाते, ते विचारावे. शाकाहारी सॉसेजमध्ये अंड्याचा पांढरा भाग असू शकतो. काळपट गोल चकत्या दिसल्या तर त्यांच्याकडे वळूच नये, त्या रक्ताच्या असतात. दुपारच्या चहाचा थाट आईंना दाखवावा असे मला मनापासून वाटते, कारण नदीकाठी तीन मजली तबकावर काकडीचे सँडविच, स्कोन, जॅम आणि घट्ट साय येते तेव्हा पोटापेक्षा डोळे आधी भरतात. परंतु साध्या स्कोनच्या वरच्या तकाकीसाठी बहुधा अंडेच लावलेले असते आणि तबकातील केकमध्ये तर असतेच. त्यासाठी दोन दिवस आधी सांगून बिनअंड्याचे तबक ठरवावे, आयत्या वेळी ते जमत नाही.

वेळांकडेही लक्ष असावे. दुपारी अडीचनंतर आणि संध्याकाळी सहापूर्वी बऱ्याच ठिकाणी गरम जेवण मिळत नाही, रात्री नऊच्या सुमारास स्वयंपाकघर मागणी घेणे थांबवते आणि रविवारी त्याहून लवकर. उन्हाळ्यात नऊला उजेड असल्याने आपल्या माणसांना जेवणाचे भान राहत नाही आणि मग चिप्सच्या पाकिटांवर रात्र काढावी लागते. बिलावर साडेबारा टक्क्यांच्या आसपास सेवाशुल्क लावलेले असू शकते. ते ऐच्छिक असते, सेवा वाईट मिळाली तर काढायला सांगता येते, आणि ते दिले असेल तर वर वेगळी टिप देण्याची गरज नाही. मूल्यवर्धित कर खोलीच्या दर्शवलेल्या दरात धरलेला असतो, तो शेवटी वर चढत नाही.

खोलीत किटली, चहाच्या पुड्या आणि टिकाऊ दुधाच्या इवल्या कुप्या असतात. त्या दुधाचा चहा आई-वडिलांना रुचणार नाही. रिसेप्शनवर ताजे दूध मागितले की लहान चंबू भरून देतात, त्याचे पैसे सहसा लागत नाहीत. आपली मंडळी इलेक्ट्रिक कुकर आणून खोलीत मुगाची खिचडी लावतात, हे मला चांगले माहीत आहे. कृपा करून तसे करू नये. वाफेने आणि फोडणीने अलार्म वाजतो, जुन्या लाकडी इमारतीत आगीच्या बाबतीत कुणी सवलत देत नाही, आणि मग रात्री दहा वाजता संपूर्ण हॉटेल झोपण्याच्या कपड्यांत हिरवळीवर उभे राहते. दशमी, चिवडा, मेतकूट, लोणचे हे सोबत असावे आणि खोलीत खावे, त्याला कुणी काही म्हणत नाही. एक सूचना मात्र आई-वडील निघण्यापूर्वीच द्यावी : भारतातून ब्रिटनमध्ये दुग्धजन्य पदार्थ वैयक्तिक सामानातूनही आणता येत नाहीत, तेव्हा तुपाची बरणी आणि कंदी पेढे घरीच राहू द्यावेत.

दोन दिवसांत करायचे काय, यावर मी फार लिहिणार नाही, कारण अशा हॉटेलात पैसे मोजून दिवसभर बाहेर भटकणे मला पटत नाही. तरी लॉक मात्र वडिलांना अवश्य दाखवावे. टेडिंग्टनच्या वरच्या टेम्सवर चाळीसहून अधिक लॉक आहेत आणि मार्लोचे लॉक बंधाऱ्याच्या पलीकडे, गावाच्या काठावर आहे. सपाट वाटेने सावकाश चालत पुलावरून तिथे जाता येते. खालून येणारी नाव आत शिरते, मागची दारे मिटतात, पुढच्या दारांतील झडपा उघडल्या की पाणी घुसळत आत येऊ लागते, नाव भिंतीला घासू नये म्हणून दोरी हळूहळू ओढून घेत एक जण उभा असतो, आणि काही मिनिटांत ती नाव पाहणाऱ्याच्या पायांच्या पातळीवर येते. दोन्हीकडचे पाणी समान झाले की दारे सहज उघडतात, तोवर कितीही जोर लावला तरी हलत नाहीत. तेथील बाकावर वडील तासभर सहज रमतील. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आलात, तर राजहंसांची वार्षिक मोजणी करणाऱ्या वल्ह्यांच्या नावा मार्लोवरून वर जाताना दिसू शकतात. पुलाजवळच्या हिगिन्सन पार्कमध्ये स्टीव्ह रेडग्रेव्ह यांचा पुतळा आहे. १९८४ ते २००० या सलग पाच ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचे सुवर्णपदक मिळवणारा हा खेळाडू मूळचा याच गावचा.

मोटार असेल तर एका दुपारी ऑक्सफर्डशरमधील स्टोक रो या खेड्यापर्यंत जरूर जावे, आणि हे ठिकाण आई-वडिलांसाठी मी मुद्दाम सुचवतो. तेथे काशीच्या महाराजांनी दिलेल्या पैशांतून खोदलेली विहीर आहे. एडवर्ड अँडर्डन रीड हे त्या भागातले गृहस्थ उत्तर हिंदुस्थानात अधिकारी होते. आपल्या गावाकडच्या पाणीटंचाईची हकीकत त्यांनी महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती, ती महाराजांच्या लक्षात राहिली आणि त्यांनी ही विहीर भेट दिली. १८६४ साली ती खुली झाली. खोली ३६८ फूट, घेर मात्र अवघ्या चार फुटांच्या व्यासाचा, वर सोनेरी घुमट आणि पाणी ओढण्याच्या यंत्रावर छोटा हत्ती. चिल्टर्नच्या हिरव्या टेकडीवर, इंग्रजी खेड्याच्या मधोमध काशीचा घुमट उभा पाहून बहुतेक मराठी पाहुणे आधी गोंधळतात आणि मग छायाचित्रे काढायला पुढे सरसावतात. वाहनतळापासून विहिरीपर्यंत चालणेही फारसे नाही.

येण्याच्या व्यवस्थेत रीडिंगहून आपल्याला अडचण नाही. मोटारीने अर्ध्या तासाचा रस्ता आहे. रेल्वेने यायचे असेल तर मेडनहेडला गाडी बदलून मार्लोच्या शाखा-मार्गाची गाडी पकडावी. बोर्न एंड येथे ती गाडी उलट दिशेने निघते, तेव्हा आई-वडील आपण परत चाललो की काय म्हणून बावरतील, त्यांना आधी सांगावे. गर्दीच्या वेळी बोर्न एंडला दुसऱ्या गाडीत बसावे लागते, आणि सामान असेल तर ते टाळलेलेच बरे. ज्या दिवशी विमान हीथ्रोला उतरेल त्याच दिवशी मात्र हॉटेल ठरवू नये. खोली दुपारी तीनच्या सुमारास मिळते, सकाळी उतरलेली थकलेली माणसे तोवर रिसेप्शनच्या सोफ्यावर पेंगत बसतात, आणि ती संध्याकाळ जेट लॅगमध्ये झोपण्यात जाते. आधी चार-पाच दिवस घरी विश्रांती होऊ द्यावी. त्यानंतर रविवारी बाराच्या सुमारास पोहोचून सामान रिसेप्शनवर सोपवावे, हिरवळीवर बसावे, तीनला खोलीत जावे. निघण्याची वेळ अकराची असली तरी खोली सोडल्यावर सामान ठेवून दुपारपर्यंत आवारात थांबता येते, त्यासाठी वेगळे काही द्यावे लागत नाही.

नदीकडची, सपाट शॉवरची खोली आपल्या तारखांना मिळत नसेल, तर तारखा बदलाव्यात. तारखा बदलणे शक्य नसेल, तर रस्त्याकडच्या खोलीसाठी तेवढे पैसे मोजू नयेत. त्यापेक्षा मार्लो गावात सोयीचे एखादे साधे गेस्टहाउस घ्यावे, आणि त्यातून वाचलेल्या पैशांत दोन्ही दुपारी पूल ओलांडून याच हॉटेलच्या हिरवळीवर चहासाठी यावे. आरक्षण करताना नदीच्या अगदी कडेचे टेबल मागावे आणि चारऐवजी तीनची वेळ घ्यावी, कारण चारला सर्वजण येतात.